राघू-चिंगीचा डबा: प्रकल्प नोंदी, ठाणे

४ मे २०२५, रविवार

राघू आणि चिंगी आज घरी आले. घोडबंदर रोडवरचं एक कुटुंब परदेशी निघालं आहे, त्यांना हे दोन फेरेट बरोबर नेता येत नाहीत. राघू तीन वर्षांचा, चिंगी दीड वर्षाची. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. सोबत पिंजरा, दोन कापडी झोळ्या, मांजराच्या कोरड्या खाद्याची अर्धी पिशवी आणि एक चिठ्ठी: सकाळी दूध-बिस्किट, दुपारी केळं, बाकी वेळ हे खाद्य. चिठ्ठी वाचली आणि पोटात गोळा आला.

लिफ्टमध्ये तिघांनी विचारलं, मुंगूस आहे का? नाही, मुंगसाचं कूळ वेगळं. फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट नावाच्या छोट्या शिकारी प्राण्याचा माणसाळलेला वंशज, पाणमांजराच्या कुळातला. सशांच्या बिळात सोडून ससे बाहेर हाकायला तिकडे शतकानुशतकं पाळत आले. अस्सल मांसाहारी. आतडं आखूड, अंधनाल (लहान आणि मोठं आतडं जुळतात तिथली पिशवी) नाहीच, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. एवढ्या वेळात बिस्किट आणि केळं पचवायची या शरीराची तयारीच नाही.

म्हणून ही वही घातली. दोघांना समतोल कच्च्या मांसावर आणायचं, आणि रोज काय दिलं, किती दिलं, वजन आणि शी कशी, ते लिहायचं. स्मरणावर काही सोडायचं नाही.

आमचं घर नौपाड्यात, पूर्ण शाकाहारी. माझं माहेर चेंदणी कोळीवाड्यातलं, मांसमच्छीला माझा हात सरावलेला आहे, पण या घरात माझ्या लग्नापासून अंडंसुद्धा आलेलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जनावर आणलंस ना, मग त्याचं पोट त्याच्या धर्मानं भर. फक्त माझ्या ओट्यावर नको." एवढं बोलून त्या उठल्या. मला एवढं पुरे होतं. ड्राय बाल्कनीत छोटा डीप फ्रीझर, वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळा वजनकाटा, वेगळं फडकं.

वजन: राघू १,१८० ग्रॅम, चिंगी ६९० ग्रॅम.

७ मे, बुधवार

डॉक्टरांकडे नेलं. तीन तास उपाशी ठेवून रक्तातली साखर तपासली: राघू ९४, चिंगी १०१. जीव भांड्यात पडला. मध्यम वयाच्या फेरेटना स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणाऱ्या गाठी होतात, मग साखर एकदम खाली येते, मागचे पाय लुळे पडतात, जनावर एका जागी टक लावून बसतं. साखर ७० च्या खाली आली की संशय घ्यायचा. बिस्किट आणि केळ्याच्या सवयीमुळे मला हीच धास्ती होती. राघूच्या मागच्या दातांवर किटण आहे. दोघांना डिस्टेंपरची लस दिली. कुत्र्यांचा हा आजार फेरेटला झाला तर वाचण्याची आशा जवळपास नसते, आणि आपल्या गल्लीत कुत्री आहेतच.

कच्च्या मांसाबद्दल डॉक्टर सरळ बोलले. "मी सगळ्यांना हे सुचवत नाही. घरात वयस्कर माणूस आहे, मुलगी आहे. साल्मोनेलाचे जंतू जनावराला काही करणार नाहीत कदाचित, तुम्हाला करतील." आणि नुसतं मांस देऊन वर्षभराने पाय वाकलेलं जनावर घेऊन येणारे लोक त्यांनी पाहिलेत. करायचं तर मोजून, नाहीतर चांगलं कोरडं खाद्य बरं. त्यांचं हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

११ मे, रविवार

पहिला प्रयत्न. प्राण्यांच्या सामानाच्या एका दुकानात सांगितलं होतं, बोनलेस चिकनचा खिमा द्या, बाकी काही लागत नाही. कोपरीतून पाव किलो आणला. चिंगीने हुंगला, एक घास चाटला, पळाली. राघूने ताटलीभोवतीची फरशी नाकाने आणि पंजाने अशी खरवडली, जणू माती ओढून ते झाकून टाकायचं आहे.

फेरेटच्या मनात खाण्याचा वास पहिल्या काही महिन्यांतच पक्का होतो. तेव्हा जे हुंगलं ते अन्न, बाकी सगळं नुसत्या वस्तू. राघूला तीन वर्षं कोरड्या खाद्याचा वास अन्न म्हणून माहीत आहे. त्याने मांस नाकारलं हा त्याचा हट्ट नाही.

इथे एक गोष्ट ठळक लिहिते. भूक लागली की खाईल, ही युक्ती यांच्यावर चालवायची नाही. एक-दीड दिवस उपास घडला तर फेरेटची साखर घसरू शकते, यकृतात चरबी साठू लागते. कोरडं खाद्य समोर ठेवूनच बदल करायचा. दूध, बिस्किट, केळं मात्र पहिल्या दिवसापासून बंद.

१३ मे, मंगळवार

दुपारी बाल्कनीत ३६ अंश. फेरेटला घाम जवळपास येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की उष्माघाताचा धोका. बेडरूमचा एसी २४ वर, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून झोळीखाली. भूक दोघांचीही कमी. आज नवं काही दिलं नाही.

१६ मे, शुक्रवार

वासालाच धरायचं ठरवलं. कोरडं खाद्य खलबत्त्यात कुटून पीठ केलं, खिम्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या त्यात घोळवल्या. वर माशाच्या तेलाचे दोन थेंब, ते तेल दोघांना आवडतं. चिंगीने पाच गोळ्या खाल्ल्या. राघूला मांडीवर घेऊन, मानेची सैल कातडी हलकेच धरून, ओठाच्या कडेला तीळभर खिमा लावला. त्याने तो चाटला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि पुन्हा चाटलं. दिवसातून चार वेळा एवढंच करायचं. जबरदस्ती नाही.

२१ मे, बुधवार

राघूने आज ताटलीतून आपणहून खाल्लं. १८ ग्रॅम. पीठ अर्धं केलं होतं, त्याच्या लक्षात आलं नाही.

२७ मे, मंगळवार

काल पाऊस मुंबई-ठाण्यात दाखल झाला. गेल्या पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आमच्या भागात संध्याकाळी सहाला वीज गेली ती पहाटे तीनला आली. फ्रीझर लहान, अर्धाच भरलेला, आणि त्यात मी काळजीपोटी तीन वेळा झाकण उघडून पाहिलं. प्रत्येक वेळी थोडी थंडी बाहेर सांडली. सकाळी पाकिटं दाबली तर बोट आत जात होतं. बर्फाची कचकच कुठेच नव्हती.

१ किलो ६०० ग्रॅम मांस टाकून दिलं. कोणीतरी ज्याचा जीव घेतला ते मांस कचऱ्यात जाताना वाईट वाटलं, पण परत गोठवण्याचा प्रश्नच नव्हता. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. एकदा कोमट झालं की ते वाढून बसलेले असतात. यापुढे: रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून भरायच्या, वीज गेली की झाकणाला हात लावायचा नाही, आणि एका वेळी आठवड्यापेक्षा जास्त साठा करायचा नाही.

१ जून, रविवार

दोघंही खिमा खातात, कोरडं खाद्य संपत आलं, आणि मी खूश होते. आज हिशेब मांडला तेव्हा खुशी उतरली.

शंभर ग्रॅम बोनलेस कोंबडीत कॅल्शियम साधारण १० ते १२ मिलिग्रॅम, फॉस्फरस २०० च्या आसपास. म्हणजे एकाला सतरा-अठरा. शरीराला हवं ते जवळपास एकास एक, कॅल्शियम किंचित जास्त. ताटलीत कॅल्शियम नसलं तरी रक्ताला ते लागतंच, मग शरीर ते हाडांतून काढतं. डॉक्टर म्हणाले होते ते वाकलेले पाय ते हेच. दहा-बारा दिवस मी या दोघांना हेच देत होते, मनापासून, प्रेमाने, दुकानदाराच्या शब्दावर.

पोलकॅट उंदीर मारतो तेव्हा तो मांस खात नाही, उंदीर खातो. हाडं, काळीज, यकृत, मूत्रपिंड, डोळे, कातडी, थोडे केसही. त्या लहानशा देहात सगळं आधीच मोजून ठेवलेलं असतं. आपण दुकानातून त्याचा एकच तुकडा, तोही सगळ्यात देखणा, उचलून आणतो. मला आता उंदीर परत जुळवायचा आहे.

ढोबळ प्रमाण असं: मांस ८० टक्के (त्यात हृदय धरलेलं), खाता येईल असं हाड १०, यकृत ५, आणि दुसरा एखादा स्रावी अवयव, म्हणजे मूत्रपिंड किंवा तिल्ली, ५.

हाडाची सोय होईपर्यंत अंड्याचं कवच. माहेरून आईने धुऊन, भाजून डबाभर पाठवली. मिक्सरमध्ये मैद्यासारखी पूड केली. एक ग्रॅम पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणून किलोभर बोनलेसला सहा ग्रॅम.

८ जून, रविवार

कोपरीच्या चिकनवाल्या भाऊंशी आज नीट बोलले. आतापर्यंत ते मला "ताई, अर्धा बोनलेस?" एवढंच विचारत. मी पंख मागितले, हृदयं वेगळी मागितली. "कुत्र्यासाठी का?" म्हटलं, फेरेट. मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी हात पुसून मोबाईल हातात घेतला, मोठा करून पाहिला, आणि म्हणाले, "एवढंसं आहे! याला मी रोज बाजूला काढून ठेवीन."

कलेजी-पेटा मागितलं की कलेजीला चिकटून हृदयं येतात, बोराएवढी. लोक कलेजी बघून घेतात, हृदय कुणी मोजत नाही. मला तेच हवं आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य फेरेटच्या हृदयाला आणि डोळ्यांना लागतं. ते सतत काम करणाऱ्या स्नायूंत भरपूर असतं: हृदयात आणि तंगडीच्या गडद मांसात. छातीच्या पांढऱ्या मांसात त्यामानाने फारच कमी. म्हणजे बोनलेस छाती, जी सगळ्यात महाग, तीच यांच्या दृष्टीने सगळ्यात रिकामी. आणि टॉरिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे मांस नळाखाली धूत बसायचं नाही, सुटलेलं पाणीही ताटलीतच ओतायचं.

पहिला घाणा: किलोला १०० ग्रॅम पंख, ५० यकृत, ५० बकऱ्याचा गुर्दा (राबोडीतून), बाकी तंगडीचं मांस आणि हृदय.

१३ जून, शुक्रवार

चार दिवस शी पातळ. दोघांचीही. रंग तपकिरी, रक्त नाही, चिकट हिरवी नाही, काळी डांबरासारखी नाही. दोघं खेळतायत, पाणी पितायत. तरी रात्री दोनदा उठून पाहिलं.

चूक सापडली. शंभर ग्रॅम पंख म्हणजे शंभर ग्रॅम हाड नव्हे. चामडीसकट पंखात हाड साधारण ४६ टक्के. माझ्या घाण्यात हाड दहा टक्के नव्हतंच, साडेचारच्या आसपास होतं, आणि यकृत-गुर्दा पूर्ण दहा टक्के. हाड कमी, अवयव तेवढेच, म्हणून पोट सुटलं. दहा टक्के हाडाला किलोमागे २२० ग्रॅम पंख लागतात.

आणखी एक, जे आपल्याकडच्या बाजारात हमखास आडवं येतं: इथे कोंबडी सोलूनच देतात. चामडी गेली की पंखाचं वजन उतरतं आणि हाडाचा वाटा वाढतो, निम्म्याच्या वर जातो. शिवाय चरबी जाते, आणि फेरेटचं इंजिन चरबीवर चालतं. म्हणून "चामडीसकट" हा शब्द दरवेळी आठवणीने सांगायचा. भाऊंचा हात सवयीने सोलायला जातोच.

१५ जून, रविवार

नवा घाणा, एक किलो. चामडीसकट पंख २२०, तंगडीचं मांस ४३०, कोंबडीची हृदयं १५०, बकऱ्याचं मांस १००, कोंबडीचं यकृत ५०, बकऱ्याचा गुर्दा ५०. दोघांना मिळून दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे आठवडा निघतो. आठवड्यातून एकदा अंड्याचा बलक. पांढरा भाग कच्चा देत नाही, त्यातलं एव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतं.

यकृत जास्त आवडतं म्हणून वाढवायचं नाही, हे मी लेकीला दोनदा सांगितलं. अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं, जास्तीचं बाहेर टाकता येत नाही.

१८ जून, बुधवार

शी घट्ट, लहान, वास जवळपास नाही. पिंजऱ्याजवळ उभं राहून सासूबाई म्हणाल्या, "वास गेला की गं." मांजराचं खाद्य चालू होतं तेव्हा त्या नाकाला पदर लावून जायच्या.

२२ जून, रविवार

चिंगीला आज हाडासकट पंख दिला. खिमा नाही, बारीक तुकडे नाहीत. हे सविस्तर लिहून ठेवते.

सांध्यांवर सुरी लावली की पंख विनासायास तीन भागांत सुटतो, हाड कापावं लागत नाही. सत्तुराने तोडलं तर हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, म्हणून सांध्यावरच. मधला भाग, ज्यात दोन बारीक हाडं शेजारी असतात, तो तिच्यासमोर धरला. सोडला नाही, टोक माझ्या हातात. तिने आधी चामडी ओढली. मग मान तिरकी केली, गालाच्या आत, अगदी मागे, पंख सरकवला आणि डोळे मिटले. पुढच्या दातांनी फेरेट हाड खात नाही. मागचे दात कात्रीसारखे एकमेकांवरून घसरतात, तिथे ठेवून कापतो. पहिला आवाज आला तो पापड मोडल्यासारखा. ती थांबली. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा मिटले. मग सलग कुटुर-कुटुर, वीस मिनिटं. शेवटी फरशीवर हाताच्या नखाएवढा एक पांढरा तुकडा राहिला, तो जिभेने उचलला.

कच्चं हाड असंच कुरकुरतं, मऊ असतं. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन सुईसारखं फुटतं, ते कधीही द्यायचं नाही.

राघूपुढे तसाच पंख धरला. त्याने हुंगला आणि झोळीत जाऊन झोपला.

२९ जून, रविवार

घरात वास. दोन तास शोधलं. दिवाणाच्या मागे, लेकीच्या जुन्या मोज्यात, तीन पंखांचे अवशेष आणि खिम्याची एक गोळी, हिरवट झालेली. फेरेट खाणं लपवून ठेवतात, तो त्यांचा स्वभाव. पण जंगलातल्या थंड बिळात जे चालतं ते ठाण्याच्या जूनमध्ये, ऐंशी-नव्वद टक्के दमटपणात, चालत नाही. तो मोजा सासूबाईंच्या पायात आला असता तर काय, या विचाराने मला घाम फुटला.

नियम: हाडाचं खाणं फक्त बाथरूममध्ये, दार लावून, जुन्या टॉवेलवर, कोणीतरी समोर बसून. अर्ध्या तासात उरलेलं उचलायचं. टॉवेल गरम पाण्यात, वाट्या स्टीलच्या, माझे हात कोपरापर्यंत साबणाने. लेकीने फेरेटला खाल्ल्याखाल्ल्या तोंडाजवळ घ्यायचं नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. घाणा कालच करून ठेवला. सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालून ड्राय बाल्कनीच्या दारात आल्या. मी पाकिटं मोजत होते. म्हणाल्या, "आज यांना पण उपास का?" मी नाही म्हटलं. "बरोबर आहे, त्यांना कुठे साबुदाणा चालतो." आणि दार अलगद ओढून घेतलं, म्हणजे एसीची थंडी जाणार नाही.

२० जुलै, रविवार

गटारी गुरुवारी आहे, पण रांगा आजच. राबोडीत मटणाला पाऊण तास उभी राहिले. गुर्दे संपले होते. तिल्ली मिळाली, तीही चालते. एकाच घाण्यात सगळं तंतोतंत बसलं पाहिजे असं नाही. आठवडा-पंधरवड्याचा हिशेब जुळला पाहिजे. हे कळायला मला वेळ लागला, आधी एका ग्रॅमसाठी जीव काढत होते.

पुढचा महिनाभर श्रावण. भाऊ म्हणाले, "ताई, माल कमी आणणार, पण तुमची हृदयं मी राखून ठेवतो." त्यांनी वहीत माझं नाव लिहिलेलं पाहिलं: "मुंगूसवाल्या ताई." दुरुस्त केलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

माहेरून आईने वाटीभर मांदेली धाडली, "तुझ्या पोरांना दे." सुक्या मासळीला मी आधीच नको म्हटलं होतं, त्यात मीठ फार. काही कच्च्या माशांत थायमिनेझ असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. शिजवलं की निकामी होतं. म्हणून दोन मांदेल्या वाफवून, काटे काढून दिल्या. चिंगीने खाल्ल्या. आठवड्यात एकदा, तेवढंच.

१० ऑगस्ट, रविवार

आज खाणं नाही, योजना लिहायची आहे. मला बर्ड फ्लूची भीती आहे आणि ती खरी आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, कोंबड्या मेल्या होत्या आणि हजारो पक्षी मारावे लागले होते. २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने गेले. फेरेटला फ्लू फार सहज होतो. प्रयोगशाळांत माणसाच्या फ्लूचा अभ्यास फेरेटवर करतात तो त्यामुळेच. फ्रीझरमध्ये हा विषाणू मरत नाही.

त्यामुळे बातमी आली की त्या दिवसापासून कच्ची कोंबडी बंद. बकऱ्याचं मांस आणि हृदय चालू, आणि कोंबडी द्यायचीच तर पूर्ण शिजवून, हाडं काढून, कवचाची पूड घालून, शिजवलेलं पाणी त्यातच ओतून, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरलेलं असतं. दोघांना महिन्यातून दोनदा शिजवलेलं द्यायला आजपासून सुरुवात, म्हणजे वेळ आली तर वास अनोळखी वाटणार नाही. राघूच्या बाबतीत मी हे शिकले आहे.

कच्चंच श्रेष्ठ, शिजवलेलं म्हणजे पाप, असं मानणारे लोक मला भेटलेत. मी तसं मानत नाही. समतोल महत्त्वाचा, आणि जनावर जिवंत राहणं त्याहून महत्त्वाचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मुसळधार. बाजार बंद, रस्त्यात पाणी. वीज साडेचार तास गेली. झाकण उघडलं नाही. सगळं दगडासारखं.

२४ ऑगस्ट, रविवार

काल डॉक्टरांकडे. राघू १,२३५ ग्रॅम, चिंगी ७३०. साखर ९८ आणि १०४. कॅल्शियम-फॉस्फरस ठीक. चिंगीचे दात स्वच्छ. राघूचं किटण तसंच, कारण तो हाड चावतच नाही. त्याच्या मागच्या दातांची भूल देऊन सफाई करावी लागेल, थंडीत करू म्हणाले.

राघूबद्दल मी निर्णय घेतला आहे. त्याला हाडासाठी मागे लागणार नाही. त्याचा डबा वेगळा: बोनलेस तंगडी, हृदय, यकृत, गुर्दा, आणि मोजून कवचाची पूड. चिंगीचा पंखांचा. एकाच घरात दोन ताटं असतात, आमच्याकडे तर आधीपासून आहेत. त्याच्या अंगावर मांस आलं, केस चमकतात, पाठीवर हात फिरवला की मणके टोचत नाहीत. त्याचा देह समाधानी आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

दीड दिवसाचा गणपती सुखरूप झाला. भाऊंनी फार्मवरचे जपानी लावे मिळवून दिले, साफ केलेले, एकेक दीडशे ग्रॅमचा. रानातले लावे पकडणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून कुठून आले ते नीट विचारून घेतलं. चिंगीला अर्धा लावा, हाडं, हृदय, चामडी सगळ्यासकट. मला जुळवायचा होता तो उंदीर एवढा जवळ याआधी आला नव्हता. महाग आहे, महिन्यातून दोनदा.

९ सप्टेंबर, मंगळवार

मला परवापासून ताप, अंग मोडून येतंय, खोकला. १९३३ साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो आजारी माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घालून. म्हणजे माझा खोकला सरळ राघूच्या नाकात जाऊ शकतो. मी आतल्या खोलीत, दार बंद, मास्क. पाकिटांवर नावं आणि तारखा आधीच लिहिलेल्या आहेत. देण्याचं काम लेकीकडे. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे, कोणाला जमलं तर लिहा म्हटलं.

१० सप्टेंबर

राघू ६५ ग्रॅम. चिंगी ५० ग्रॅम. दोघांनी संपवले. नातीने वजन केले, मी लिहिले. ताटल्यांना हात लावला नाही.

११ सप्टेंबर

राघू ७०. चिंगी ४५, पाच उरले, नातीने टाकून दिले. शी घट्ट, दोघांची. पाणी बदलले. वीज दहा मिनिटे गेली, झाकण उघडू दिले नाही.

१२ सप्टेंबर

चिंगीला पंख देताना राघूने पळवला. टॉवेलखाली घेऊन गेला. आवाज येत होता. अर्ध्या तासाने पाहिले, हाड अर्धे आहे. बाकीचे त्याने खाल्ले की लपवले ते नातीला शोधायला सांगितले आहे.